बॅटरीला विचारा : तारापूरच्या किनाऱ्यावर चार दिवस

या सहलीचं श्रेय एका जॉब कार्डाला जातं. घराजवळच्या सर्व्हिस सेंटरने आमच्या दोन वर्षांच्या गाडीची बॅटरी वॉरंटीत दोनदा बदलून दिली. तिसऱ्यांदा गाडी त्यांच्याकडे नेली तेव्हा त्यांनी ती चार्ज करून परत केली आणि कार्डावर लिहिलं, "ग्राहकाकडून दिवे चालू राहतात. समज दिली."

समज दिली! मी चौपन्न वर्षांची बाई, एका शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढलेली. मी लोकांना समज देते. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "अहो, मी दिवा बंद करते." तो गोड हसला. "मॅडम, होतं असं. बऱ्याच लेडीजचं होतं." अंगाचा नुसता तिळपापड झाला माझा. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर अविनाश पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "राहिला असेल गं चालू. हल्ली विसरतेस तू."

आता खरं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी आई शेवटची सात वर्षं मला ओळखत नव्हती, आणि त्याची सुरुवात अशीच झाली होती. आधी गॅस चालू राहायला लागला, मग नळ. तेव्हा आम्ही सगळे हसत म्हणायचो, "राहिला असेल चालू." त्यामुळे अविनाशचं ते वाक्य ऐकलं की मला आईचा तो गॅस दिसतो. गेले सहा महिने मी गाडीतून उतरले की काचेतून मोबाईलवर फोटो काढत होते. दिवे बंद, डॅशबोर्ड काळा, खाली तारीख-वेळ. फोनमध्ये नातेवाइकांपेक्षा डॅशबोर्डचे फोटो जास्त झाले होते. तरी दर आठ-दहा दिवसांनी गाडी मरायचीच, आणि वाटायचं, फोटो काढल्यावर पुन्हा येऊन दिवा लावून गेले असेन का मी? ज्याला स्वतःवर असा संशय आला नसेल त्याला हे वेडेपणाचं वाटेल. वाटू दे.

म्हणून ठरवलं. चार दिवस मी आणि गाडी, तिसरं कुणी किल्लीला हात लावणार नाही. गाडी मरते की मी विसरते, एकदा काय तो सोक्षमोक्ष. ऑफिसातल्या एकीने तारापूर-चिंचणीकडच्या एका मच्छीमार कुटुंबाचं घर सुचवलं होतं. त्यांच्याकडे पाहुण्यांना द्यायच्या दोनच खोल्या आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. तुमची झुंबड उडाली तर मला परत जागा मिळायची नाही.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला ठाण्याहून निघाले. घोडबंदरचा घाट साडेसहाच्या आत ओलांडा, नाहीतर ट्रकांच्या मागे बसून आयुष्याचा हिशेब लावाल. हायवेवर कामं चालू होती, पण सकाळी रस्ता मोकळा होता. मनोरला मिसळ खाल्ली, तीही गाडीचं इंजिन चालू ठेवून, तिच्या शेजारी उभी राहून. हॉटेलवाला म्हणाला, "मॅडम, बसा की निवांत." त्याला काय सांगणार! पुढे चिल्हार फाट्याला डावीकडे वळलं की बोईसरचा रस्ता. कारखान्यांचा पट्टा, कंपन्यांच्या बसेस, टपरीवर हिंदीत चाललेली भांडणं. रेल्वे ओलांडली की अर्ध्या तासात हवा बदलते. आधी वाड्या, चिकूची गच्च झाडं, मग सुकत्या बोंबलांचा वास, आणि मग समुद्र. शेवटच्या चार किलोमीटरचे खड्डे मात्र हाडं मोजून घेतात.

घरमालकीण हंसाबाईंच्या ओटीवर चहा पिताना माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. लाकडी फळीवर दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या, पुसून लख्ख केलेल्या, वर स्वच्छ फडकं. मी विचारलं तर म्हणाल्या, "होडीच्या हायेत. होडी किनाऱ्याला लागली का बॅटरी घरी येते. खाऱ्या हवेत कशाला ठेवायची?" त्यांचे यजमान जगन्नाथभाऊ मासे घेऊन येतात, आणि त्यांच्यामागून खांद्यावर बॅटरी घेऊन कुणीतरी येतंच. मासे विकणं आणि बॅटरी सांभाळणं, दोन्ही खाती हंसाबाईंकडे. होडीचा दिवा, वायरलेस, जीपीएस, सगळं तिच्यावर. समुद्रात ती बसली तर धक्का मारायला कोण येणार?

त्या रात्री कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी अशी काही जमली होती की मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. गाडी लावली, फोटो काढला, झोपले.

शनिवारी सकाळी किल्ली फिरवली. टक्. टक् टक्. बस्स.

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. लाज नाही वाटत सांगायला. इथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मीच. हंसाबाई डोक्यावर टोपली घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, टोपली उतरवली.

"काय झालं?"

"बॅटरी उतरली. माझाच दिवा राहिला असेल. मी विसरते हल्ली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शिळे मासे ताजे म्हणून विकतेय. "तुमाला कोन बोललं?"

"सगळेच."

"आमच्याकडं बॅटरी उतरली तर माणसाला नाय इचारत. बॅटरीला इचारतात. माणूस काय, घाबरला का हो बोलतो."

मग त्यांनी हाक मारली आणि जगन्नाथभाऊ दहा नंबरचा पाना घेऊन आले. दहा मिनिटांत माझी बॅटरी गाडीतून निघून ओटीवरच्या फळीवर, होडीच्या दोघींच्या शेजारी, चार्जरला लागली. भाऊंनी वर फडकंसुद्धा टाकलं. मला काय वाटलं ते सांगता येत नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ती वस्तू पाहत होतं, मला नाही.

शनिवारचा दिवस पायी फिरण्यात गेला, आणि ते बरंच झालं. गाडी असती तर मी किल्ला, चिंचणीची चौपाटी, फोटो, असं उरकलं असतं. त्याऐवजी बांबूच्या मांडवांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून सुकत घालणाऱ्या बायकांपाशी दोन तास बसले. त्यांचा हात बघत राहावा असा चालतो. मी चार अडकवले, त्यातले दोन पडले आणि एकीने, "टीचर, पगार कापला!" म्हणून सगळ्यांना हसवलं. मी टीचर नाही म्हणून सांगितलं, पण कुणी ऐकलं नाही. किनाऱ्यावरून लांबवर अणुशक्ती केंद्राच्या इमारती दिसतात. त्यांच्याकडे पाठ करून बायका मासे उलटत होत्या.

संध्याकाळी बॅटरी परत बसवली, पण भाऊंनी तिची काळी, म्हणजे निगेटिव्हची, वायर जोडलीच नाही. "आज गाडीला उपाशी ठेवू. सकाळी चालू झाली तं बॅटरी चांगली, आन गाडीतच कायतरी तिला पितंय."

रविवारी सकाळी वायर जोडली. गाडीचं घड्याळ बारावर जाऊन बसलं होतं. किल्ली फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन सुरू! भाऊ फक्त, "हं," म्हणाले. हंसाबाईंना वाणगावला मिरच्या घ्यायच्या होत्या, मग त्यांनाच घेऊन निघाले. वाणगावला जाणार असाल तर सकाळी जा, मिरचीचे ढीग तेव्हाच बघायला मिळतात, हिरवेगार, आणि वासानेच डोळ्यांत पाणी. हंसाबाईंनी पुढच्या सीटवर बसून काच पूर्ण उघडली आणि रस्ताभर ओळखीच्या प्रत्येक माणसाला हात केला. वाटेत मी त्यांना आईचं सांगितलं. त्यांनी बाहेरचा हात आत घेतला. मग म्हणाल्या, "आज रातीला वायर जोडूनच ठेवू. पन गाडी बंद करताना मी येते. मी बघते दिवा."

आणि बघितलं बाईने! संध्याकाळी मी गाडी बंद केली, तर त्यांनी चष्मा लावून गाडीला प्रदक्षिणा घातली. काचेला तळहात लावून आत डोकावल्या, पुढचे दिवे, मागचे दिवे, छतावरचा. मग किल्ली माझ्याकडून मागून घेतली आणि आपल्या पदराला बांधली. "आता तुमी रातीला उठून गेलाव तरी काय करनार?" माझी सहा महिन्यांची भीती त्यांनी अशी एका गाठीत बांधून टाकली.

सोमवारी सकाळी त्यांनीच पदराची गाठ सोडून किल्ली दिली. ओटीवर भाऊ उभे, शेजारचे दोघे उभे. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला म्हणत होते, गाडी बंद पडू दे.

टक्. टक् टक्.

"मेली!" मी ओरडले. "हंसाबाई, मेली!" आणि गाडीतून उतरून त्यांना मिठी मारली. त्यांच्या लुगड्याला मासळीचा वास होता आणि मी हसत होते की रडत होते, देव जाणे. शेजारच्याने भाऊंना विचारलं, "येडी हाय काय?" भाऊ म्हणाले, "नाय. शानी हाय. तेच बघत होतो."

भाऊंनी होडीच्या बॅटरीवरून गाडी सुरू करून दिली आणि बजावलं, बोईसरपर्यंत बंद करायची नाही. तिथे कंपनीचं अधिकृत वर्कशॉप आहे. मी काउंटरवर जाऊन आधीच तलवार काढली. "दिवा चालू नव्हता. साक्षीदार आहेत." काउंटरवरची मुलगी गोंधळली आणि तिने आतून यादवजींना बोलावलं. केस पिकलेले, हात काळे, बोलणं कमी. मी सगळं सांगितलं, एका रात्री काळी वायर काढलेली, एका रात्री जोडलेली. त्यांनी मान वर केली. "वायर किसने निकलवायी?"

"एका मच्छीमार जोडप्याने."

"आधा काम तो उन्होंने कर दिया," ते म्हणाले. मग मी फोटो दाखवले. ज्या फोटोंना घराजवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये हसले होते, ते यादवजींनी एकेक करून पाहिले. हसले नाहीत.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. त्यांनी बोनेट उघडं ठेवलं, मीटर जोडला, दारं बंद करून लॉक केली आणि किल्ली माझ्या हातात देऊन मला पार गेटजवळच्या बाकावर पाठवलं. आजकालच्या गाड्या बंद केल्या तरी लगेच झोपत नाहीत म्हणे. आतले कॉम्प्युटर हळूहळू निजतात, आणि किल्लीचं बटण दाबलं, दार उघडलं, की परत जागे. आमच्या घराजवळचे सर्व्हिसवाले प्रत्येक वेळी दार उघडून, सगळं लावून, "ओके आहे मॅडम" म्हणत होते. हा माणूस मात्र स्टूल टाकून तासभर मीटरकडे बघत बसला. मधे कुणी गाडीजवळ आला तर नुसता हात वर करायचा. आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसा.

तासाभराने त्यांनी मला हाक मारली. मीटरवरचा आकडा खाली यायचा, गाडी झोपायला लागायची, आणि धाडकन वर जायचा. मग ते एकेक फ्यूज काढत गेले. एक फ्यूज काढला आणि आकडा तळाला जाऊन तिथेच थांबला. तो फ्यूज डिकीच्या कुलपाचा; त्यातला छोटा स्विच सैल झाला होता. डिकी बंद असतानाही गाडीला वाटायचं, कुणीतरी ती उघडतंय. रात्रभर बिचारी दचकून जागी होत होती. इकडच्या खड्ड्यांनी स्विच आणखी ढिला झाला, म्हणून घरी आठ-दहा दिवसांनी व्हायचं ते इथे एका रात्रीत झालं. ते चार किलोमीटर खड्डे मी आता माफ केलेत.

कुलूप पालघरहून दुपारपर्यंत आलं आणि वॉरंटीत बसलं. तोवर मी बाहेर पोळी-भाजी खाऊन आले. निघताना मुलीने जॉब कार्ड पुढे केलं. त्यावर पार्टचं नाव, नंबर, सही, सगळं होतं. मी म्हटलं, "एक ओळ आणखी लिही. ग्राहकाची चूक नव्हती."

"मॅडम, असं लिहायला रकाना नाहीये."

"समज द्यायला होता गं."

मागून यादवजी हात पुसत म्हणाले, "लिख दो बेटा. सही मैं करता हूँ." आणि त्यांनी केली, काळ्या अंगठ्याच्या ठशासकट.

संध्याकाळी घरी पोचले. गाडी लावली, लॉक केली, सवयीने पर्समधला फोन काढला आणि तसाच परत ठेवला. अविनाशच्या हातात कार्ड दिलं. त्याने ती शेवटची ओळ वाचली, परत वाचली. मग पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "मी असं बोलायला नको होतं. आईंचं माहीत असून बोललो." भांडायची सगळी तयारी करून आले होते मी, ती वाया गेली.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. गाडी एकदाही मेलेली नाही. तुमची गाडी सारखी मरत असेल आणि कुणी तुम्हाला समज देत असेल, तर आधी एक रात्र काळी वायर काढून बघा.

आणि हो, मी परतले त्याच संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तर हंसाबाईंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. "टीचर, तुमचा उन्हाचा काळा चष्मा हितंच हाय! बॅटरीच्या फळीवर ठेवलाव आन गेलाव. इसरलाव काय?"

अविनाशचा घास हातातच राहिला. त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं, "विसरले." आणि मला इतकं हसू आलं की पाणी पिऊन थांबवावं लागलं.