चिठ्ठी न लागणारी गोळी

कुणी "डोकेदुखीची गोळी द्या" म्हटलं, की काका दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि विचारायचे, "डोकं कुणाचं?"

घाटकोपरला आमच्या चाळीखालच्या औषधांच्या दुकानात ते काउंटरवर असत. "गोळी देताय की सोयरीक जुळवताय?" असं शेजारची कुंदामावशी वैतागून म्हणायची. काका हसत आणि पुढचा प्रश्न विचारत. तुमच्याही पाहण्यात असा माणूस आला असेल. त्याचा राग येतो, हे मी कबूल करतो.

मी इंटर सायन्सला होतो. घरात कॉलेजात गेलेला पहिलाच. चाळीतले लोक बाटल्यांवरचं इंग्रजी माझ्याकडून वाचून घेत. बाबा गिरणीत होते, गुडघ्यांनी बेजार. त्यांच्यासाठी दुखण्यावरच्या गोळ्या आणायला काकांकडे गेलो.

"रोज घेतात? पोटात जळजळ?"

"थोडी होते."

"मग नाही देत. डॉक्टरला दाखव."

"हिला चिठ्ठी लागत नाही, काका. मी वाचलंय."

"लागत नाही म्हणूनच विचारतो ना रे! चिठ्ठी असती तर डॉक्टरने विचारलं असतं."

मला ते झोंबलं. नाक्यावरच्या वाण्याकडे त्याच गोळ्या पेपरमिंटच्या बरणीशेजारी मिळत. तिथून आणल्या. बाबांना वाटलं, काकांकडच्याच. "रोज घेतल्या तर चालतील ना?" त्यांनी विचारलं. मी "चालतील" म्हणालो.

पंधरवड्याने एका सकाळी त्यांना डांबरासारखी काळी शौचाला झाली आणि ते मोरीपाशी कोसळले. मी काकांकडे धावलो. टॅक्सी त्यांनीच आणली आणि सोबतही आले.

इस्पितळात डॉक्टर कडाडले, "रिकाम्या पोटी रोज या गोळ्या? दिल्या कुणी?"

बाबा शुद्धीवर होते, माझ्याकडे बघत होते.

"मी दिल्या," काका म्हणाले, आणि पुढचं सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं.

बाबा वाचले. पण जिन्यात भेटेल त्याला सांगू लागले, "नुसते प्रश्न विचारतो तो. गोळी मात्र भलतीच देतो." चाळीतली गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली. काका मला दिसले की "अभ्यास कसा चाललाय?" एवढंच म्हणत. मी "ठीक" म्हणून पुढे सटकत असे.

बाबांना खरं सांगायला मला वर्ष लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून गेले. परत आले तेव्हा धापा टाकत होते.

"नोकरी सोडून गावी गेला म्हणे, गणपतीच्या आधीच," ते म्हणाले. "पत्र टाकू या. त्याचं नाव काय रे?"

मला माहीत नव्हतं.