कोरड्या नळाची स्तुती

कुमासी शहरातल्या ट्रोट्रोच्या, म्हणजे वडाप मिनीबसच्या, थांब्यावर कडुनिंबाखाली सोंगट्यांचा पट मांडलेला असतो. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याची यथेच्छ अब्रू काढल्याशिवाय तिथे डाव संपला असं कुणी मानतच नाही. उभा जन्म ट्रोट्रो हाकलेला पापा सिरिबोए याच पटावर बोलायला शिकला. पुढे लेकीने फोन पाठवला आणि गडी गावच्या वर्तमानपत्राच्या बातम्यांखाली कमेंटा टाकू लागला. भाषा पटावरचीच, धुतलेली नाही की पुसलेली नाही! लोक बातमी सोडून आधी खाली बघायचे, सिरिबोए काय बोललाय ते.

एकदा बातमी आली की नगरसेवक ओपारे यांनी थांब्यावरचा नळ सुरू केला. फोटोत हार, फीत, सगळं होतं. नळाला मात्र थेंब नव्हता. सिरिबोएची बायको, मामे फोरिवा, थांब्यावर केंके, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, उकडून विकायची आणि त्यासाठी टेकडीखालून डोक्यावर पाणी आणायची. तिची मान पार आखडली होती.

"साऱ्या जगाला शहाणपण शिकवतोस ना? आता माझ्या मानेसाठी लिही," ती म्हणाली. "नळ आला नाही तर मी चूल विझवते. मग फोन उकडून खा!"

सिरिबोएने ओपारेला बोकड म्हटलं, वार्ताहराला बोकडाची शेपटी. कमेंट गायब! पुन्हा लिहिली, पुन्हा गायब. वर्तमानपत्राने नवं यंत्र बसवलं होतं. शिवी दिसली की ते कमेंट गिळायचं, गोड काही दिसलं की उचलून सगळ्यात वर ठेवायचं.

"संपलास, पापा!" पटावरचा बोआटेंग खिदळला. "यंत्राने दात पाडले की रे तुझे!"

सिरिबोए दोन डाव हरला, पण डोकं दुसरीकडेच होतं. राजाच्या पुढे बिरुदं गात चालणारा भालदार त्याच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याने लिहिलं: "हे ओपारे, हत्तींमधल्या हत्ती, तुझा जयजयकार! काय तो नळ! गळत नाही, आवाज करत नाही, कुणाला भिजवत नाही. आमच्या बायका त्याला नमस्कार करूनच टेकडीखाली पाण्याला जातात."

यंत्र खूश! आजची सर्वोत्तम प्रतिक्रिया, वर सोनेरी तारा.

ओपारेने तारा पाहिला, हत्ती पाहिला, पुढचं वाचायला सवड कुणाला? शनिवारी एका मयताच्या मोठ्या कार्याला तो काळं वस्त्र पांघरून आला. तिथे कुणी किती देणगी दिली ते माइकवरून सांगतात; आपली जाहीर होण्याआधी त्याने माइकवाल्याच्या हातात फोन दिला. "लोक माझ्याबद्दल काय म्हणतात, तेही वाच जरा."

माइकवाल्याने खणखणीत आवाजात वाचलं. हत्ती आला तेव्हा ओपारेची हनुवटी वर गेली. बायका टेकडीखाली गेल्या तेव्हा मांडव हसून गदगदा हलू लागला. खुद्द विधवेने पदरात तोंड लपवलं. तेवढ्यात ओपारेची सासू पुढच्या रांगेतून ओरडली, "मग पाणी कुठंय, जावईबापू?"

सोमवारी कुदळी आल्या. नळाला खाली पाइपच जोडलेला नव्हता! संध्याकाळपर्यंत धार लागली, फोरिवाचं घमेलं भरलं. सिरिबोए फोन काढून उभा.

"थांब, ओपारेचे आभार लिहितो."

"आभार राहू देत. आधी हे डोक्यावर चढव," फोरिवा म्हणाली. "आणि मग दवाखान्याच्या रस्त्याची स्तुती लिहायला बस."