वाढ्याचं इंग्रजी

नव्वदीच्या दशकात मी सोमेश्वरनगरला पाचवीला इंग्रजी शिकवायचे. मुलांनी घरून एक वस्तू आणायची, हातात धरायची आणि तिचं इंग्रजी नाव म्हणायचं, ही माझी पद्धत. तिचा मला भारी तोरा होता. एकदा ऊसतोड कामगाराची मुलगी बैलांना घालतात ते वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, घेऊन आली. मला शब्द येईना. "ग्रास," मी ठोकून दिलं.

"बाई, ह्ये गवत न्हाय, वाढं हाय."

मी खेकसले आणि तिच्याकडून दहा वेळा 'ग्रास' म्हणवून घेतलं. वाढ्यानं कापलेली तिची बोटं मला दिसत होती. पुन्हा तिनं काहीच आणलं नाही.

'आय डोन्ट नो' हे वाक्य मी त्याच वर्गाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.