बोट हलवतं कोण?

हाडेकाकांचं खरं आडनाव वैद्यकीय महाविद्यालयाच्या हजेरीपुस्तकाखेरीज कुठेच वापरात नव्हतं. पहिल्या वर्षाच्या कुठल्याशा तुकडीनं त्यांना हे नाव चिकटवलं आणि पुढच्या तीस तुकड्यांनी ते इमानेइतबारे चालवलं. काकांचं काम सांगाडे जोडायचं. देहदानात आलेल्या शरीरांवरचं शिक्षण आटोपलं, की स्वच्छ केलेली हाडं तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत यायची. काका त्यांना बारीक भोकं पाडायचे, पितळी तार ओवायचे आणि त्या ढिगातून पुन्हा माणूस उभा करायचे. खोलीत एक लांब टेबल, एक हातानं फिरवायचं ड्रिल, तारेची रिळं, आणि भिंतीवरच्या हुकांना लटकलेले दोन-तीन अर्धवट गृहस्थ. नवी मुलं दारातच अडखळायची. काका म्हणायचे, "या, या. हे कुणाला काही करत नाहीत. शिवाय बोलत नाहीत, म्हणून तर माझं यांच्याशी जमतं."

हाताच्या हाडांवर त्यांचा विशेष जीव. एका हातात सत्तावीस हाडं, त्यातली आठ एकट्या मनगटात, आणि त्या आठांतलं एक वाटाण्याएवढं. काका डोळे मिटून, नुसतं चिमटीत धरून सांगायचे, हे कुठलं आणि कोणत्या हाताचं. ही अक्कल त्यांना फुकट आलेली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एका सांगाड्याला दोन्ही हात उजवेच जोडले, आणि नेमका तोच सांगाडा तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभा राहिला. त्यांनी सांगाड्याचा एक हात हातात घेऊन हलवला, मग वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि दुसरा हलवला. सगळा विभाग पोट धरून हसला. काका चार दिवस मान खाली घालून वावरत होते.

लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हाडांवर लिहून का नाही ठेवत?"

"वाटाण्याएवढ्या हाडावर कोण लिहिणार?"

"मी," काकू म्हणाल्या.

काकू डावखुऱ्या. अक्षर असं, की छापल्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून त्या काळ्या शाईची दौत आणि सुईसारखी टोकदार लेखणी घेऊन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसू लागल्या. प्रत्येक हाडावर एक आकडा, आणि पुढे 'डा' किंवा 'उ'. विभागानं आधी नाक मुरडलं, मग गुपचूप त्यांनाही कामावर घेतलं. काका जोडायचे, काकू लिहायच्या, आणि दोघं दिवसभर एकमेकांच्या चुका काढायचे. हा संसार ज्यांनी पाहिला ते सांगतात, की त्या खोलीत भीती वाटायला सवडच मिळत नसे.

काकांचं एक ठाम मत होतं. माणूस म्हणजे हाडं, बाकी सगळी भरताड. मांस येतं-जातं, रक्त वाहतं, मेंदू तर म्हणे मऊ लोण्यासारखा! असल्या वस्तूवर कोण भरवसा ठेवणार? हे मत ते शरीररचना शिकवणाऱ्या सरांनाही ऐकवायचे, आणि सर सज्जन असल्यामुळे ऐकून घ्यायचे.

आणि मग एका सकाळी काकूंच्या हातातून दौत पडली. त्या आधी हसल्या. दौत उचलायला गेल्या तर हात उचलला जाईना, आणि "अहो" म्हणायला गेल्या तर तोंड एकीकडे ओढलं गेलं. रुग्णालय अंगणापलीकडेच, म्हणून पंधरा मिनिटांत त्या खाटेवर होत्या. जीव वाचला. वाचा चार दिवसांत परत आली, तीही पूर्वीच्याच धारेनं. डावा पाय काठीच्या आधारानं तिसऱ्या आठवड्यात चालू लागला. डावा हात मात्र जिथे ठेवावा तिथे पडून राहायचा.

काका खाटेशेजारी तो हात मांडीवर घेऊन तासनतास चाचपत बसायचे. नर्सला वाटलं, नवरा बिचारा प्रेमळ आहे. प्रेमळ होताच, पण त्या वेळी तो मोजत होता. सत्तावीसच्या सत्तावीस हाडं जागेवर. एक मोडलेलं नाही, एक सरकलेलं नाही. जोडणीत तर खोट नाही! मग हे हलत का नाही? तीस वर्षं हातच हात हाताळलेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा हा प्रश्न पडला, आणि पडला तो असा की जेवण गोड लागेना. बोट हलवतं कोण?

डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, "पहिले तीन-चार महिने हातचे घालवू नका. जे परत यायचं ते बहुतेक याच काळात येतं. व्यायाम रोज झाला पाहिजे." पण काकूंनी मनानं केव्हाच निकाल लावला होता. "माझा हात गेला," त्या म्हणायच्या आणि तो शालीखाली सारून द्यायच्या. व्यायाम करणार नाही, कामावर येणार नाही. काका विनवण्या करून थकले. त्यांना आतून भीती वाटत होती. महिना तर संपलाही होता.

म्हणून एके दिवशी दुपारी ते विच्छेदनाच्या दालनात गेले आणि आयुष्यभर ज्यांना भरताड ऐकवलं त्या सरांसमोर उभे राहिले. "सर, बोट कोण हलवतं?"

सर हसले नाहीत. त्यांनी जतन करून ठेवलेला एक हात कोपरापासून उघडून दाखवला आणि कोपराखालचा एक पांढरा दोर चिमट्यानं ओढला. तिकडे लांब, टेबलाच्या कडेला, मधलं बोट वाकलं. काका चक्क दोन पावलं मागे सरले.

"बोटात काहीच नाही?"

"बोटात स्नायू नाहीतच, काका. थोडे तळव्यात, मोठे सगळे इथे, कोपराखाली. बोटापर्यंत फक्त दोऱ्या जातात."

त्या संध्याकाळी काका घरी खुर्चीत बसून उजव्या हाताची बोटं हलवत आणि डाव्या हातानं स्वतःचाच दंड, कोपर, मनगट दाबून बघत होते. काकूंनी बराच वेळ पाहिलं. "डोकं फिरलंय का?"

"अगं, इथे बघ! बोट तिकडे हलतंय आणि इथे कातडीखाली उंदीर पळतोय."

काकूंनी नको नको म्हणत बघितलं. उंदीर खरंच पळत होता. त्यांनी नकळत आपल्या उजव्या हाताची बोटं हलवून पाहिली, आणि काका बघतायत असं दिसताच थांबवली.

मग काकांचा तो रोजचाच उद्योग झाला. दुपारी सरांना गाठायचं, संध्याकाळी घरी येऊन काकूंना सांगायचं. स्नायूला कोण सांगतं? मज्जातंतू. तो मानेतल्या मणक्यांमधून निघतो, काखेत इतर तंतूंशी गुंतागुंत करतो आणि हातात उतरतो. बरं, मज्जातंतूला कोण सांगतं? एखादी तक्रार घेऊन कचेरीत गेलं की प्रत्येक टेबलावरचा माणूस 'वर विचारा' म्हणतो, तसा काकांचा प्रश्न मनगटापासून कोपराला, कोपरापासून मानेला आणि मानेवरून मेंदूला गेला. तिथे कळलं की डावा हात उजवीकडचा मेंदू चालवतो.

"उलट?" काका जवळजवळ ओरडले. "ही जोडणी कुणी केली? मी केली असती तर नोकरी गेली असती!"

हे ऐकून काकू आजारपणानंतर पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. आणि मग त्यांनी स्वतःहून विचारलं, "पण त्या मेंदूचं बिघडलं काय?"

काकांनी त्याचीही खबर काढून आणली. हृदयाचे ठोके लय चुकवत होते. तिथे रक्त साकळलं, एक बारीक गुठळी सुटली, मानेतल्या धमनीतून वर गेली आणि एका चिंचोळ्या वाटेत अडकली. तिच्यापुढच्या लिंबाच्या फोडीएवढ्या भागाला रक्त मिळालं नाही आणि तो भाग मेला. हात चालवायची कामं तो भाग बघत होता. "म्हणजे बघ," काका म्हणाले, "बोट हलायला हृदय ताळ्यावर लागतं. मी आयुष्यभर हृदयाला हिशेबातच धरलं नव्हतं. सांगाड्यात ते लागतच नाही ना!"

"मेलेला भाग परत येतो?"

"नाही." काकूंशी ते खोटं कधी बोलले नव्हते. "पण सर म्हणतात, आजूबाजूचा भाग त्याचं काम शिकू शकतो. ते काम त्याच्याकडे पुन्हा पुन्हा आलं तर."

शालीखालचा हात काकूंनी उजव्या हातानं उचलून बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. "पण हात तर हलतच नाही. मग त्या शेजाऱ्यांना कळणार कसं, की काम आलंय म्हणून?"

काकांनी तोच प्रश्न सरांसमोर नेला. त्यांनी काकांना फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथे एक पंचविशीची, भराभर बोलणारी मुलगी होती. तिनं सांगितलं, की टेबलावर मधोमध आरसा उभा करायचा. उजवा हात आरशासमोर, डावा आरशामागे, दिसणार नाही असा. काकूंनी आरशात बघत उजवा हात उघडायचा, मिटायचा. डावाही मनातल्या मनात तसाच उघडायचा-मिटायचा प्रयत्न करायचा. आरशातला उजवा हात डावाच दिसतो. डोळे मेंदूला सांगतात, डावा हलतोय, आणि कधी कधी मेंदू त्यावर विश्वास ठेवून कामाला लागतो.

काकांचा चेहरा उतरला. "उजवा हात डावा म्हणून खपवायचा? पोरी, एकदा हे केलं होतं मी. तीस वर्षं त्याचं प्रायश्चित्त घेतोय."

"फसवायचं मेंदूला आहे काका, काकूंना नाही. त्यांना सगळं सांगूनच करायचं."

"माहीत असूनही मेंदू फसतो?"

"करून बघा ना."

काकांनी जाड आरसा कापून आणला, लाकडी पाय जोडले, कडा घासून गुळगुळीत केल्या. काकू बसल्या, आरशात बघून त्यांनी उजवी मूठ उघडली-मिटली, आणि दचकल्या. "अहो, हा माझाच हात वाटतो हो." त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. बराच वेळ त्या त्या हाताकडे परक्या मुलुखातून आलेल्या पत्राकडे बघावं तशा बघत राहिल्या. व्यायामाला नाही म्हणणारी बाई दुसऱ्या दिवशी आपणहून आरसा मागायला लागली, कारण तिला आता कळून घ्यायचं होतं.

पण कळून घेण्यालाही मर्यादा असते. एक आठवडा गेला, तीन गेले, सहा गेले. रोज सकाळी वीस मिनिटं आणि दुपारी वीस मिनिटं. काका समोर बसून आकडे मोजायचे. आरशातला हात झकास उघडायचा-मिटायचा आणि आरशामागचा जिथल्या तिथे. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणायची, सोडू नका. तीन महिने संपायला आठवडा राहिला तेव्हा काकूंनी जाहीर केलं, "आज शेवटचं. मला आता त्या आरशाची चीड येते. तिकडे सगळं ठीक चाललंय आणि इकडे काही नाही."

रोज काका काकूंसमोर बसायचे. आज त्यांना काकूंच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून खुर्ची उचलून ते डावीकडे, आरशामागे, त्या पडलेल्या हाताजवळ जाऊन बसले. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं. काकूंनी सुरुवात केली. "एक... दोन..."

अकराव्या वेळी काकांना वाटलं, डोळ्यांवर ताण आलाय. बाराव्या वेळी त्यांनी चष्मा पुसला. चौदाव्या वेळी तळव्यावर पडलेलं मधलं बोट आत वळलं. अगदी थोडं, भाताच्या दाण्याएवढं. पंधराव्या वेळी पुन्हा, आणि शेजारचं बोटही त्याच्याबरोबर.

काकांना ओरडावंसं वाटलं, पण फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बजावलं होतं, नजर आरशावरून हलू द्यायची नाही.

"अहो, मोजत का नाही?" आरशावरची नजर न काढता काकूंनी विचारलं.

"मोजतोय. हलतंय गं."

"हलतंय की. मला दिसतंय ना."

"तिकडचं नाही. इकडचं."

काकूंनी झटकन मान वळवून आरशामागे वाकून बघितलं. हात मेल्यासारखा पडलेला. एक बोट हलेना. त्यांचे डोळे भरून आले. "आता तुम्हीही मला फसवायला लागलात?" त्या इतक्या हळू म्हणाल्या की काकांना ते शब्द काट्यासारखे बोचले. इतक्या वर्षांत ही बाई त्यांच्यावर हजारदा चिडली होती, पण खोटारडे कधी म्हणाली नव्हती.

काकांनी वाद घातला नाही. आपलं तर्जनीचं बोट त्यांनी काकूंच्या डाव्या तळव्यात ठेवलं. "आरशात बघ. एकदाच. उजवी मूठ मीट."

काकूंनी नाक ओढलं, आरशात बघितलं आणि मूठ मिटली. आरशामागे काहीच झालं नाही. "पुन्हा," काका म्हणाले. पुन्हा. तिसऱ्या वेळी काकांच्या बोटाभोवती काहीतरी आवळलं गेलं, आधी एका बाजूनं, मग सगळीकडून. त्यांनी मोकळ्या हातानं आरसा हळूच उचलला आणि बाजूला ठेवला.

काकूंनी खाली बघितलं. डाव्या मुठीत नवऱ्याचं बोट होतं. त्यांनी ते एकदा बघितलं, काकांच्या तोंडाकडे बघितलं, परत मुठीकडे. काका सरळ रडत होते आणि लपवतही नव्हते. काकूंनी मूठ उघडायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ दाबले गेले, पण बोटं उघडेनात.

"अहो, धरता आलं," त्या घाबरून म्हणाल्या, "पण सोडता येत नाहीये."

"नको सोडूस," काका म्हणाले. "मला कुठं जायचंय?"