साडूंचं दुसरं बटण

संबंधितांना विचारल्याशिवाय या पृथ्वीतलावर एकही काम न केलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. स्कूटरला हॉर्न बसवायचा, तर साडूंनी सावेडीतली आमची सबंध गल्ली रस्त्यावर उभी करून तीन हॉर्न वाजवून दाखवले. बहुमताने सर्वांत मवाळ हॉर्न निवडला गेला, आणि पुढे त्या हॉर्नला कोंबडीसुद्धा कधी बाजूला झाली नाही. एकदा अंगणातल्या शेवग्याची फांदी तोडताना, तिच्यावर कावळा बसला म्हणून हे कोयता खाली घालून पाव तास उभे. "त्यो बी संबंधितच हाय, साडूभाऊ!" हे ऐकून मी हबकलो. कावळा उडाल्यावर म्हणाले, "झाला तयार."

हे गृहस्थ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्र्याला एका ठोक्यात आकार देणारं, हत्तीला कमीपणा आणणारं यंत्र. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच ते खाली येई, म्हणजे हात आपोआप बाहेर राहत. टीव्हीवर नुकती लोकसभा दिसू लागली होती, ते हे दिवस. साडू ती बघायला आमच्याकडे येत. एकदा चर्चा निघाली, की कारखान्यांतले सुरक्षेचे नियम सैल करताना कामगारांना विचारायची सक्ती असावी की नको. मंत्री म्हणाले, सर्व संबंधितांशी विचारविनिमय झालेला आहे. साडूंच्या हातातली बशी कलली ती थेट माझ्या पायजम्यावर. "आमाला कवा इचारलं?" ते टीव्हीला म्हणाले, आणि उत्तरासाठी थांबले!

महिनाभरात त्यांच्या कारखान्यातच सूचना लागली. काम वेगाने व्हावं म्हणून दोनपैकी एक बटण काढणार, हरकत असल्यास कळवावी. साडूंना स्फुरण चढलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी प्रेसवरच्या छत्तीस जणांना एकेकट्याला गाठून विचारलं. छत्तीसच्या छत्तीस म्हणाले, काढा! "काम लवकर उरकंल, तात्या. तुमी कशाला मधी?" साडू माझ्याकडे आले ते विजेच्या तारेला हात लागल्यासारखे. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुटीच्या सकाळी दारात ओरडले, "आरं, खरे संबंधित तर ऱ्हायलेच की!" आणि मला मागे बसवून, तो कुचकामी हॉर्न वाजवत, छत्तीस घरं पालथी घातली. विचारलं कुणाला? त्या छत्तीस जणांच्या बायकांना.

एका घरी भाकरी थापत बसलेली नवी सून म्हणाली, "एका हातानं बटन दाबायचं, तर दुसरा हात कुठं असतोय, मामा?" साडूंनी हरकतीचा कागद तिच्यापुढे सरकवला. मला त्या चुलीपुढे थंडी वाजली. तिने पिठाच्या हातानेच कागदावर सही केली.

छत्तीस बायकांच्या सह्या आणि अंगठे बघून कारखान्याचा साहेब असा गार पडला की त्याला म्हणे दोन कप चहा पाजून शुद्धीवर आणावं लागलं. बटण राहिलं. छत्तीस जणांनी मात्र साडूंशी बोलणं टाकलं. साडू डबा घेऊन एकटेच भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

पुढे ती चर्चा पुन्हा टीव्हीवर लागली. विचारू, पण सक्ती नको, एवढं सांगून मंत्री खाली बसले. साडू हललेही नाहीत.

"आपलं बटण तरी राहिलं की," मी म्हणालो.

"ऱ्हायलं. पर मी बी छत्तीस जनांना इचारलं, आन् त्यांचं ऐकलं न्हाईच. मंग त्या मंत्र्यात आन् माज्यात फरक काय, साडूभाऊ?"

मी उठून टीव्ही बंद केला. साडूंनी चपला घातल्या आणि ते निघाले. त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळेपर्यंत मी उगाच अनवाणी मागे चालत गेलो. तेव्हापासून मला त्या प्रश्नाची उत्तरं सुचतात, आठवड्याला एखादं तरी, आणि चांगली खणखणीत. आधी आधी बायको म्हणायची, "जाऊन सांगा की मग." पण साडूंना जाऊनच आता पाच वर्षं होतील.