नंबर नसलेल्या गाडीवर गोंदिया ते देवरी

"लायसन्स नको, नंबर नको. घ्या आणि चालवा!" असं सांगून दुकानदाराने मला इलेक्ट्रिक स्कूटर विकली, त्याला वर्ष होत आलं. मी गोंदियात शिलाईचे वर्ग घेते. गाडी घर ते बाजार आणि फार तर नागऱ्याच्या शंकराच्या देवळापर्यंत जायची. डिसेंबरात चार दिवस मोकळे मिळाले आणि मी ठरवलं, देवरीला मावसबहिणीकडे, कुंदाताईकडे, या वेळी बसने जायचं नाही.

सकाळी आठला निघाले. राइस मिलचा कोंड्याचा वास मागे पडला की दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, लागतात. ऊन कोवळं, गाडीचा आवाज नाही, मध्येच एखादा बगळासुद्धा न उडता बघत राहतो. आमगावपर्यंत मी खरोखर खूश होते. इलेक्ट्रिक गाडीने येणार असाल तर एक सांगते: दुकानदार एका चार्जिंगमध्ये ऐंशी किलोमीटर म्हणाला असेल तर पन्नासच धरून चाला. मी आमगावात थांबले ती त्यासाठीच.

तिथे पोह्यांची टपरी चालवणाऱ्या फुलवंताबाईंनी आपणहून विजेचा बोर्ड दाखवला. "लावा वायर. तर्री-पोहे खा तवरक." तर्री झणझणीत होती, कपाळाला घाम आला. शेजारी आणखी एक बिननंबरची गाडी चार्ज होत होती. तिचे मालक बिसेनकाका, निवृत्त शिक्षक.

"ऐकलं का? आता सगळ्याच बॅटरी गाड्यांना नंबर लावा म्हणून राहिले," काका वैतागून म्हणाले. "माझे गुडघे गेले, सायकल सुटली. म्हणून ही घेतली. ताशी पंचवीसच्या वर पळत नाही. हिला कायले पाहिजे नंबर? उद्या काठीलाही मागतील!"

मी जोरात मान हलवली. वर्षभर मीही हेच म्हणत होते.

फुलवंताबाई कढईतून झारा काढून आमच्याकडे वळल्या. "मी सांगू कायले पायजे? माया नवऱ्याले अशाच गाडीनं ठोकलं. रस्ता पार करून राहिले होते. आवाज नाई, काई नाई. पायाचं हाड मोडलं. गाडीवाला उठला, गाडी उचलली अन् गेला. लोकायनं पायलं, पण सांगतीन काय? नंबरच नोयता. निळी गाडी होती, एवढंच." मग माझ्या गाडीकडे बघून म्हणाल्या, "तुमचीबी निळीच आहे."

बिसेनकाकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. दोन तास चार्जिंग झालं, पोह्यांचेच पैसे घेतले त्यांनी, विजेचे घेतले नाहीत. ते मला जास्त लागलं.

आमगावच्या पुढे जंगल दाट होत जातं. सागाची मोठाली पानं रस्त्यावर येऊन पडलेली. या टप्प्यात पाणी सोबत ठेवा, दुकानं कमी आहेत. देवरी पाच-सहा किलोमीटरवर असताना वाहतूक पोलिसांची तपासणी लागली.

"मॅडम, नंबर?"

"या गाडीला लागत नाही."

"कितनी भागती है?"

"पंचवीस."

साहेबांनी शिपायाला गाडी चालवून बघायला दिली. तो एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "साहेब, पंचेचाळीस."

खोटं मी बोलले नव्हते. पावतीवर पंचवीस छापलं होतं. पण वेगाचा काटा मी रोज बघत होते, आणि मला ते आवडत होतं, हेही खरं. साहेब शांतपणे म्हणाले, "पंचवीसच्या आतल्या गाडीला सूट आहे. हिला नंबर पण लागतो अन् तुम्हाला लायसन्स पण. आता चालवत नेऊ नका."

कुंदाताईला फोन केला. ती शेजाऱ्याची पिकअप घेऊन आली. ताई वनोपज गोळा करणाऱ्या बायकांच्या गटाचं काम बघते, तिच्याकडेही इलेक्ट्रिक गाडी आहे, हिरव्या नंबरपाटीची.

"घ्याच्या आधी मले इचारलं काऊन नाही?" रस्त्यावरच सुरू झाली ती. "मीबी तीन खेपा घातल्या नंबरसाठी. शिव्या देत घातल्या, पण घातल्या!"

देवरीतले दोन दिवस सुंदर होते, हे लिहायलाच हवं. मोहफुलांचे लाडू, तांदळाची गरम भाकर, गटातल्या बायकांसोबत जंगलात पायी फिरणं. पण माझं निम्मं लक्ष अंगणातल्या गाडीवर होतं.

परत आले तीही पिकअपमध्ये, गाडी दोरीने बांधून. दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं, तर तिथे मोबाइलची कव्हरं विकायला होती. मग नोंदणीच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी चेसिस नंबर तीनदा टाकून पाहिला. "या मॉडेलला मंजुरीच नाही, ताई. नंबर देता येणार नाही."

"अहो, मी स्वतःहून नंबर मागतेय!"

"हो. पण देऊ कुठल्या गाडीला? ही गाडी कागदावर नाहीच."

नंबर सक्तीचा आहे आणि मिळत नाही. आता कोणावर चिडायचं, तेही मला कळेना. दुकानदार गायब. नियम करणाऱ्यांवर चिडावं, तर फुलवंताबाईंचा आवाज आठवतो. राहिले मी. न विचारता, सोपं आहे म्हणून घेणारी.

शिकाऊ लायसन्स काढलं आहे. गाडी शेडमध्ये उभी आहे. परवा आमच्या गल्लीतल्या शीलाताई तिच्याकडे बघत आल्या. "विकता का? आमच्या पोरीला कॉलेजला बरी. हिला लायसन्स-नंबरची झंझट नाही ना?"

पैशांची मला गरज होती. एक "नाही" म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"झंझट आहे," मी म्हटलं. "नंबर लागतो. आणि हिला तो कधीच मिळणार नाही."

शीलाताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलं." मी शेडचं दार ओढून घेतलं आणि बाजाराची पिशवी घेऊन पायीच निघाले.