लवूकाकांचा माळा

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला लवूकाका साळसकर स्वतःच्याच घराची बेल वाजवायचे. एकदाच आणि हलकी. आत आम्ही असायचो. बाबा घाईघाईने बनियनवर शर्ट चढवायचे आणि आई दार उघडायची.

"या काका, बसा."

"नाय, बसत नाय. माळ्यावरची एक वस्तू हवी होती."

दर महिन्याला हेच, शब्दाला शब्द. मला पाठ झालं होतं. गच्चीवर पिंकी वगैरे मंडळी जमली की मी बबन एजंटची नक्कल करायचे, खालच्या वाण्याची करायचे, पण फर्माईश यायची ती लवूकाकांचीच. खांदे थोडे पाडायचे, चपला दाराबाहेर जोडीने लावायच्या आणि म्हणायचं, "नाय, बसत नाय." पिंकी हसून लोळायची.

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवर, दुसऱ्या मजल्यावरची ही वन रूम किचन आम्ही त्र्याण्णवच्या जूनमध्ये हेवी डिपॉझिटवर घेतली. म्हणजे भाडं काहीच नाही. मालकाला एकरकमी पंच्याऐंशी हजार द्यायचे, अकरा महिने राहायचं आणि निघताना पूर्ण पैसे परत घ्यायचे. लालबागची खोली सोडून आम्हाला पैसे मिळाले होते आणि स्वतःचा ब्लॉक मनासारखा मिळत नव्हता, तोवर ही सोय.

काकांना पैसे हवे होते मुलासाठी. परागने मीरा रोडला घर बघितलं होतं. बाकीचं कर्ज त्याच्या ऑफिसातून होणार होतं, पण बुकिंगचे पैसे रोख हवे होते. काका अंधेरीच्या एका औषध कंपनीत टाइमकीपर. कंपनी बंद पडली तेव्हा मिळालं ते मुलीच्या लग्नात गेलं. मग बबन एजंट भेटला.

करारावर सह्या करायला आम्ही सगळे झेरॉक्सच्या दुकानात उभे होतो, तेव्हा मी त्याला पहिल्यांदा ऐकलं. आवाज नाकातून आणि दर वाक्याला हवेत चुटकी. "साळसकर, तुमच्याकडे पैसा नाय, असं कोण बोलला? तुम्ही पैशात झोपताय! घर द्या, पैसा घ्या. व्याज नाय, हप्ता नाय. अकरा महिन्यांनी पोरगा तुम्हाला देणार, तुम्ही ह्यांना देणार, आणि परत आपल्या खाटेवर आडवे. सिंपल!"

पराग घड्याळ बघत होता. "बाबा, अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे. दिवाळीचा बोनस, मग मार्चमध्ये माझी एक पॉलिसी सुटते. होऊन जाईल."

"बरं," काका म्हणाले.

त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी दुसरा शब्द ऐकला नाही. करारात एक कलम तेवढं त्यांच्या सांगण्यावरून घातलं होतं: हॉलवरचा माळा मालकाच्या ताब्यात राहील. माळ्याला लाकडी दारं होती आणि त्यांना पितळी कुलूप.

काका आणि मंदाकाकू भाईंदर पश्चिमेला राई गावात राहायला गेले, दत्ताराम पाटलांच्या घरामागच्या एका खोलीत. भाडं थोडं. काकू बाजारात भेटली की आईला सांगायची, "तो दत्ताराम चांगला आहे हो. म्हणतो, 'खारा वारा हाय, पन कुनाचा तरास न्हाय.'" काकूला नक्कल बरी जमायची. काकांना मुळीच नाही.

जुलैत काकांनी छत्री नेली. ऑगस्टच्या रविवारी गणपतीची समई. नंतर कधीतरी पुरणयंत्र आणि थंडीत एक गोधडी. बाबा स्टूल धरायचे. ते स्टूलही त्यांचंच. काका वर चढायचे, कुलूप काढायचे, ती एक वस्तू घेऊन परत कुलूप लावायचे आणि ते दोनदा ओढून बघायचे.

"एकदम का नाही नेत हा माणूस?" बाबा म्हणायचे. "घर बघायला येतात. आपण खिळे ठोकतो की काय म्हणून."

"तिथे ठेवतील कुठे?" आई म्हणायची. "खोली म्हणजे एवढीशी."

जानेवारीत मी जिन्यात पिंकीला काका करून दाखवत होते. पिंकी एकदम गप्प झाली. मागे काका उभे, हातात पिशवी.

ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाले, "परागचं येतं?"

मला येत होतं. म्हणून मी केलं. मनगट वर, घड्याळाकडे नजर, "बाबा, अकरा महिन्यांचा तर प्रश्न आहे. होऊन जाईल."

"परत म्हण," काका म्हणाले.

मी परत म्हटलं. पिंकीसुद्धा हसली नाही.

"असंच बोलतो," काका म्हणाले आणि वर जाऊन त्यांनी आमची, म्हणजे त्यांची, बेल वाजवली.

फेब्रुवारीत परागला घराचा ताबा मिळाला. वास्तुशांतीचे पेढे आमच्याकडेही आले. आईने बाजारात काकूला विचारलं, "मग आता मुलाकडेच का?"

"सून म्हणाली, राहा ना दोन दिवस. राहिलो."

"मग?"

"मग दोन दिवस झाले."

मार्चमध्ये बाबांचं जमलं. दोन गल्ल्या सोडून एक तयार ब्लॉक, मालक गावी जाणारा. एप्रिलअखेर आमचे पंच्याऐंशी हजार हवे होते. पुढच्या रविवारी काका परागला घेऊन आले, सोबत बबनही. त्या दिवशीसुद्धा काका बसले नाहीत. पराग बसला.

"काका, ॲक्च्युअली असं आहे," तो माझ्या बाबांना म्हणाला, "हप्ता सुरू झालाय. मिसेसला, संपदाला, सातवा महिना लागलाय. पॉलिसीचे आले ते रजिस्ट्रेशनला गेले. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबलात तर..."

"मी कुठून थांबू?" बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण आईने पदर सावरला. "माझे पैसे आहेत ते. मलाही समोरच्याला द्यायचेत."

"अरे, भांडताय कशाला?" बबनने चुटकी वाजवली. "नवी पार्टी आणतो ना! एक लाख दहा देते. ह्यांचे पंच्याऐंशी ह्यांना, वरचे पंचवीस परागच्या ग्रिलला, फर्निचरला. साळसकर, तुम्ही आहे तिथे अजून अकरा महिने. मग घर तुमचंच आहे. पळून थोडंच जातंय?"

परागने बापाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. काका माळ्याकडे बघत होते.

"बरं," ते म्हणाले.

पार्टी आली त्या दिवशी बबनलाच उशीर झाला. यतीनभाई आणि हंसाबेन दारात उभे. काका नुसते बाजूला उभे राहतील, मग आईच काहीतरी बोलेल, असं मला वाटलं. पण काका पुढे झाले. खिडकी उघडली.

"हवा देखो," ते म्हणाले. "खाडी की डायरेक्ट हवा. पानी दो टाइम, टंकी बडी है. पडोसी सब फॅमिलीवाले."

आणि चुटकी वाजवली.

आवाज नाकातून, दर वाक्याचा शेवट बबनसारखा वर उचललेला. सगळं अगदी हुबेहूब. पिंकी असती तर लोळली असती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि मला अजिबात हसू आलं नाही. ते नक्कल करत नव्हते. घर दाखवायचं म्हणजे असं बोलायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

हंसाबेननी वर बोट केलं. "आ माळियुं बंध केम छे? हमको तो चाहिए. गादी-रजाई किधर रखेंगे?"

काकांच्या तोंडचा बबनचा आवाज तिथे संपला. मग त्यांनी स्वतःच स्टूल ओढलं.

माळ्यात आता एकच वस्तू होती. खाट, सुटी करून सुतळीने बांधलेली. चार पाय, फळ्या, एका फडक्यात बोल्ट. बाबांनी आणि काकांनी मिळून ती खाली घेतली. हॉलमध्ये ठेवायलाही जागा नव्हती.

"राईला मावेल का, काका?" बाबांनी विचारलं.

"नाय."

"परागकडे?"

"त्याने नवा पलंग केला." काकांनी हात झटकले. "तुम्हाला लागेल नव्या घरात. ठेवा."

मग कुलूप आणि चावी त्यांनी यतीनभाईंच्या हातात दिली. "चांगला है. चावी जरा दबाके घुमाना."

एप्रिलअखेर आम्ही पैसे घेऊन नव्या घरात आलो. खाट बाबांनी हॉलमध्ये जोडली. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, दहा वाजता, बेल वाजली. एकदाच, हलकी. आईने दार उघडलं.

"या काका, बसा."

पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण काका ते बोलले नाहीत. चपला दाराबाहेर जोडीने लावून आत आले आणि खाटेवर बसले. मांडीखालची फळी हाताने दाबून पाहिली. वाकून खाटेचा पाय चाचपला.

"एक बोल्ट ढिला राहिलाय," ते म्हणाले. "पाना आहे का घरात?"